सुरेंद्रनाथांची एक सही

सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच राहून जाते. राष्ट्रसभेचे मवाळ पुढारी, वंगभंगाच्या चळवळीतले गाजलेले वक्ते, दोन वेळा अध्यक्ष, एवढी माहिती परीक्षेपुरती पाठ होते. त्या माहितीत एक छोटेसे वाक्य असते : त्यांना आय.सी.एस.च्या नोकरीतून काढून टाकण्यात आले होते. कशासाठी काढले, त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले का, हे पुस्तक सांगत नाही आणि मास्तरांनाही पुढचा धडा गाठायचा असतो.

मला कुतूहल होते ते त्या वाक्याचेच. त्याला कारण घरचे. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. खातेनिहाय चौकशी, निलंबन, कारणे दाखवा, बडतर्फी हे शब्द आमच्याकडे जेवताना कानावर पडत. कुणाच्या घरी बडतर्फीचा हुकूम आला की मुलांच्या फीपासून मुलीच्या लग्नापर्यंत त्या घरातले सगळे कसे हलते, हे आम्ही शेजारीपाजारी पाहिले होते. त्यामुळे सुरेंद्रनाथांचे ‘अ नेशन इन मेकिंग’ हे इंग्रजी आत्मचरित्र हाती आले तेव्हा चळवळीची प्रकरणे बाजूला ठेवून मी आधी सिल्हेटची पाने काढली.

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा, कलकत्त्याचा. घर कुलीन ब्राह्मणाचे. आजोबा जुन्या वळणाचे, तर वडील दुर्गाचरण इंग्रजी वैद्यक शिकून नाव कमावलेले डॉक्टर. म्हणजे एकाच छपराखाली सोवळे आणि स्टेथोस्कोप. मुलाला त्यांनी अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळेत घातले आणि १८६८ मध्ये तो पदवीधर झाल्यावर विलायतेला पाठवायचे ठरवले. ३ मार्च १८६८ रोजी रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त या दोन मित्रांबरोबर सुरेंद्रनाथ जहाजात बसले. समुद्र ओलांडला की जात गेली, असे ते दिवस होते. बेत इतका गुप्त ठेवला होता की आईला तो अगदी शेवटच्या घटकेला कळला, आणि ती माऊली ऐकताच बेशुद्ध पडली.

१८६९ च्या आय.सी.एस. परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. हे तिघे आणि चौथे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्याआधी हे यश मिळवणारा हिंदी माणूस एकच होता, सत्येंद्रनाथ टागोर. ते आपल्या मुंबई इलाख्यातच नोकरीला होते आणि पुढे साताऱ्याला न्यायाधीश झाले. चौघांचे अभिनंदन होते न होते तोच सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांच्या वयाचा घोळ निघाला.

घोळ मोठा मजेदार आहे आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. उमेदवाराचे वय २१ च्या आत हवे असा नियम होता. सुरेंद्रनाथांनी १८६३ च्या डिसेंबरात प्रवेश परीक्षा दिली तेव्हा कागदावर त्यांचे वय १६ लागले होते. आपल्याकडे पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की मुलाचे वय सोळा सांगतात. आजही खेड्यातली म्हातारी माणसे असेच सांगतात. इंग्रज मात्र सोळा म्हणतो तेव्हा त्याची सोळा पुरी झालेली असतात. परीक्षा घेणाऱ्या कमिशनरांनी इंग्रजी हिशेब लावला, दोघांना वयाबाहेरचे ठरवले आणि त्यांची नावे यादीतून काढली. हिंदुस्थानात वय मोजण्याची रीत वेगळी आहे, या खुलाशाचा काही उपयोग झाला नाही.

सुरेंद्रनाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. ते थेट क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. इकडे कलकत्त्यात वडिलांनी पत्रिका, प्रतिज्ञापत्रे, जाणत्या मंडळींचे दाखले गोळा केले. न्यायालयाने कमिशनरांना खुलासा विचारला. आता खुल्या कोर्टात आपल्या हिशेबाचे समर्थन करावे लागणार हे दिसताच कमिशनरांनी माघार घेतली. सुरेंद्रनाथ आणि ठाकूर दोघांची नावे पुन्हा यादीत आली. पुढच्या वर्षी, २० फेब्रुवारी १८७० रोजी, दुर्गाचरण वारले. मुलाला ही बातमी लंडनमध्येच कळली. ज्या बापाने पाठवले आणि ज्याने लढा दिला, त्याला मुलगा साहेब होऊन परतलेला पाहता आला नाही.

या वयाच्या खटल्याचा मी जरा विस्ताराने उल्लेख केला, कारण सुरेंद्रनाथांच्या मनावर त्याने एक गोष्ट पक्की कोरली असणार. अधिकारी कितीही मोठा असो, त्याला चारचौघांसमोर उत्तर द्यायला लावले की गाडे वळते. दोनच वर्षांनी त्यांना उलटा अनुभव आला.

१८७१ मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि नोव्हेंबरात सिल्हेटला असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. तेव्हा तो बंगालच्या कारभाराखालचा एका टोकाचा जिल्हा होता. कलकत्त्याहून तिथे पोचायचे म्हणजे नद्यांतून होडीने प्रवास. त्यांचे वरिष्ठ जिल्हा मॅजिस्ट्रेट एच. सी. सदरलंड. सुरुवातीला संबंध बरे होते. पुढे ते बिघडले. सुरेंद्रनाथांच्या मते याचे कारण असे की खात्याच्या परीक्षा त्यांनी झटपट दिल्या आणि बरोबरीचा इंग्रज सहकारी मागे राहिला. ही एका बाजूची हकीकत आहे हे लक्षात ठेवून वाचायची. तरी गोऱ्यांच्या त्या चिमुकल्या वसाहतीत, जिथे संध्याकाळी तीच चार-सहा माणसे एकमेकांना भेटतात, तिथे एका काळ्या माणसाची बढती कशी पाहिली गेली असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

आता मूळ प्रकरण. युधिष्ठिर नावाच्या एका इसमावर होडी चोरल्याचा आरोप होता. खटला सुरेंद्रनाथांच्या कोर्टात आला आणि रेंगाळला. वर्षाअखेरीस तुंबलेल्या खटल्यांचे तक्ते वर पाठवावे लागतात आणि विलंब का झाला याचा जाब द्यावा लागतो. आपल्याकडेही मार्च महिना आला की कचेऱ्यांत जी धांदल उडते तीच ही. १८७२ सरता सरता या युधिष्ठिराचे नाव फरारी आरोपींच्या यादीत गेले. आरोपी फरारी म्हटला की खटला लांबल्याचा दोष मॅजिस्ट्रेटवर येत नाही. पण युधिष्ठिर फरारी नव्हताच. आणि त्या कागदावर सही होती सुरेंद्रनाथांची.

सदरलंडने खुलासा मागवला. सुरेंद्रनाथांचे म्हणणे असे की कारकुनाने इतर ढीगभर कागदांबरोबर तो कागद पुढे ठेवला, आपण नेहमीच्या रीतीने सही केली, त्यात काय लिहिले आहे याची आपल्याला कल्पना नव्हती. सरकारपक्षाचे म्हणणे असे की विलंब झाकण्यासाठी त्यांनी जाणूनबुजून खोटी नोंद करवली आणि नंतर खुलाशातही खोटे सांगितले.

ज्याने सरकारी कचेरी आतून पाहिली आहे त्याला यातले पहिले म्हणणे अशक्य वाटणार नाही. माझ्या वडिलांच्या कचेरीत सह्यांचे कागद दुपारी चारनंतर पुढे जात. कागदांची चळत, बाजूला उभा कारकून, एका हाताने पान उलटायचे आणि दुसऱ्या हाताने सही. कोणता साहेब काय वाचतो आणि काय वाचत नाही हे कारकुनांना तोंडपाठ असते. सगळा कारभार या विश्वासावर चालतो आणि सगळी प्रकरणेही यातूनच उपटतात. म्हणून मी सुरेंद्रनाथांना निर्दोष म्हणणार नाही. न वाचता सही करणे हा दोष आहे आणि मॅजिस्ट्रेटच्या बाबतीत तर तो अधिकच, कारण त्याच्या सहीने एखाद्याच्या हातात बेडी पडू शकते. युधिष्ठिराच्या बाजूनेही कोणी विचार करायला हवा होता. पण हलगर्जीपणा वेगळा आणि लबाडी वेगळी. पहिल्याला समज देतात, फार तर बढती रोखतात. दुसऱ्याला घरी पाठवतात. सुरेंद्रनाथांवर दुसरा आरोप ठेवला होता, आणि त्यांचे सारे आयुष्य या दोहोंतल्या फरकावर लटकले होते.

चौकशीसाठी तीन सदस्यांचे कमिशन नेमले गेले. तिघेही इंग्रज अधिकारी. चौकशी कलकत्त्याला व्हावी, अशी सुरेंद्रनाथांनी विनंती केली. ती नामंजूर झाली आणि कमिशन १८७३ मध्ये सिल्हेटलाच बसले. वाचताना ही बाब तपशिलाची वाटते, पण बचाव करणाऱ्याला ती किती जाचक असते ते पाहा. कलकत्त्याला वकील होते, वर्तमानपत्रे होती, सुशिक्षित लोक ऐकायला आले असते. सिल्हेटला बॅरिस्टर दूरवरून आणायचा, म्हणजे खर्च अफाट. आणि ज्या जिल्ह्यात चौकशी व्हायची, तिथला जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे त्या काळचा राजाच. साक्षीला येणारा माणूस उद्या त्याच्याच दारात उभा राहणार. अशा ठिकाणी साक्षीदाराने कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलावे?

तरीही चौकशी झाली नाही असे म्हणता येणार नाही, आणि या प्रकरणातली खरी गोम इथेच आहे. आरोप लेखी दिले होते. साक्षी झाल्या. कलकत्त्याचा बॅरिस्टर बचावाला उभा राहिला. कागदोपत्री पाहिले तर सारे यथासांग. पण कमिशनला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता, अहवाल द्यायचा होता. अहवाल विरुद्ध गेला. तो बंगाल सरकारकडे, तिथून हिंदुस्थान सरकारकडे आणि शेवटी लंडनला भारतमंत्र्याकडे गेला. या साऱ्या पायऱ्यांवर ज्यांनी मत बनवले त्यांनी ना सुरेंद्रनाथांना पाहिले होते, ना साक्षीदारांना. त्यांच्यापुढे होता एक अहवाल आणि त्यावर चढत गेलेले शेरे. शेऱ्यावर शेरा चढतो तसा माणूस पुसट होत जातो आणि प्रकरण ठळक होत जाते. सरकारी फायलींचा हा स्वभाव राज्य बदलले तरी बदललेला नाही.

सुरेंद्रनाथ स्वस्थ बसले नाहीत. वयाच्या वेळी लंडनमध्ये न्याय मिळाला होता, आताही मिळेल या आशेने १८७४ च्या मार्चमध्ये ते पुन्हा विलायतेला निघाले. इंडिया ऑफिसपुढे आपली बाजू मांडायची होती. तिथे त्यांना समजले ते एवढेच की त्यांना बडतर्फ केले आहे. दया म्हणून महिना पन्नास रुपये मंजूर झाले होते. वय पंचवीस.

या वेळी क्वीन्स बेंच का नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. उत्तर कायद्यात आहे. परीक्षेचे कमिशनर नियमांनी बांधलेले होते. नियम मोडला की न्यायालय हात घालू शके. नोकरीत शिरल्यावर मात्र माणूस राणीचा चाकर, आणि राणीची मर्जी असेपर्यंतच चाकरी. मर्जी का फिरली हे विचारण्याची सोय नव्हती. म्हणजे नोकरीच्या उंबरठ्याबाहेर असताना सुरेंद्रनाथांना जो हक्क होता, तो उंबरठा ओलांडून आत गेल्यावर उरला नाही.

सरकारी नोकरीचा दरवाजा बंद झाला तेव्हा त्यांनी बॅरिस्टरीचा ठोठावला. मिडल टेंपलमध्ये त्यांच्या टर्म्स भरलेल्या होत्या. पण बडतर्फ झालेल्या माणसाला सनद देण्याला हरकत निघाली आणि १८७५ मध्ये तीही नाकारण्यात आली. एका शिक्षेच्या पोटी दुसरी शिक्षा. बडतर्फ हा शब्द एकदा नावाला चिकटला की तो प्रत्येक दारात माणसाच्या आधी पोचतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही बडतर्फ शिक्षकाला किंवा तलाठ्याला विचारा. सनदेच्या वाटेवर असताना लंडनमधले ते वर्षभर सुरेंद्रनाथ सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत बसले होते. बर्क वाचला, मॅझिनी वाचला. आपल्यावर जे ओढवले ते आपल्या एकट्याचे दुर्दैव नसून, ज्यांना स्वतःच्या कारभारात बोलण्याची जागा नाही अशा सगळ्या लोकांचे ते दुखणे आहे, हा विचार त्या वर्षात त्यांच्या मनात रुजला असे ते सांगतात. मला इथे एक शंका येते. तिशीच्या आत असे दोन घाव बसलेला माणूस वाचत बसतो, कडवट होत नाही, हे खरे असेल का? पण त्यांचे पुढचे आयुष्य पाहता ते मानावे लागते.

१८७५ च्या जूनमध्ये ते परतले. हातात काही नव्हते. मदतीला आले ईश्वरचंद्र विद्यासागर. दुर्गाचरणांशी त्यांचा जुना स्नेह. आपल्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सुरेंद्रनाथांना दोनशे रुपयांवर इंग्रजीचे प्राध्यापक नेमले. सरकारने ज्याला खोटारडा ठरवले त्याच्या हाती विद्यासागरांनी मुले सोपवली. सत्यासाठी ज्यांचे नाव घरोघरी घेतले जाई त्या माणसाने केलेली ही नेमणूक होती, आणि कलकत्त्यात कोणत्याही सरकारी हुकुमापेक्षा तिचे वजन जास्त होते.

पुढच्याच वर्षी, २६ जुलै १८७६ रोजी, इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. सभा आल्बर्ट हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे कॉलेज स्ट्रीटचे प्रसिद्ध कॉफी हाऊस आहे त्या जागी. त्याच दिवशी सुरेंद्रनाथांचा मुलगा वारला होता. पत्नीची संमती घेऊन ते संध्याकाळी सभेला गेले आणि बोलले. काही वाचकांना हे निष्ठुर वाटेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पण त्या सभेत संस्थेला विरोध करणारेही आले होते आणि ही एक गोष्ट हातची गेली तर आपल्याकडे काही उरणार नाही, अशी त्या माणसाची अवस्था होती.

नियतीची गंमत अशी की त्यांच्या पहिल्या देशव्यापी चळवळीचा विषय पुन्हा आय.सी.एस.ची वयोमर्यादाच ठरली. ती २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णय झाला. एकोणिसाव्या वर्षी हिंदी मुलाने लंडनला जाऊन परीक्षा द्यायची म्हणजे बहुतेकांना दार बंदच. सुरेंद्रनाथ १८७७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आणि त्यानंतर पश्चिम व दक्षिणेकडे गावोगाव फिरले. ज्या नोकरीने आपल्याला हाकलले तिच्यात आपल्या लोकांना जागा मिळावी म्हणून हा माणूस रेल्वेने देश पालथा घालत होता. १८७९ मध्ये ‘बेंगॉली’ हे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी नाममात्र दहा रुपयांना घेतले. आता आपले म्हणणे कोणी ऐकत नाही अशी तक्रार करण्याचे कारण उरले नाही.

तेच वर्तमानपत्र त्यांना तुरुंगात घेऊन गेले. १८८३ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती नॉरिस यांनी एका दाव्यात घरचा शाळिग्राम कोर्टात आणायला लावला. ‘बेंगॉली’ने त्यावर कडक टीका केली आणि न्यायमूर्ती या पदाला लायक नसल्याचे सुचवले. कोर्टाच्या बेअदबीचा खटला झाला. सुरेंद्रनाथांनी माफी मागितली, बातमी दुसऱ्या पत्रावरून घेतली होती हेही सांगितले. तरी ५ मे रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन महिन्यांची कैद दिली. पाचांतले एकटे हिंदी न्यायमूर्ती रमेशचंद्र मित्र यांचे मत वेगळे होते, दंड पुरे असे. पुन्हा पाहा : पहिल्या वेळी न वाचता सही, दुसऱ्या वेळी न तपासता मजकूर. सुरेंद्रनाथांच्या स्वभावात घाई होती, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करायला हरकत नाही. फरक पडला तो लोकांच्या बाजूने. १८७४ मध्ये त्यांच्या बडतर्फीवर हळहळणारे पुष्कळ होते, पण उठून काही करणारे थोडे. १८८३ मध्ये कलकत्त्याचे विद्यार्थी रस्त्यावर आले, दुकाने बंद झाली आणि दूरदूरच्या शहरांत निषेधाच्या सभा भरल्या.

याच सुमारास आपल्याकडेही असे एक प्रकरण गाजले, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने ओळखले जाई ते आर्थर क्रॉफर्ड १८८८ मध्ये पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर होते. मामलेदारांकडून नेमणुका-बदल्यांसाठी पैसे घेतल्याचे आरोप झाले. सरकारने अभयाचे वचन दिले म्हणून मामलेदार साक्षीला पुढे आले. क्रॉफर्ड लाचेच्या आरोपातून सुटले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल नोकरी मात्र गेली. पण नंतर वचन देणाऱ्या सरकारनेच पाय मागे घेतला आणि साक्ष दिलेल्यांपैकी काही मामलेदारांना घरी बसावे लागले. टिळकांनी त्यांची बाजू ‘केसरी’तून आणि १८८९ मध्ये पुण्याच्या सभेत मांडली. पैसे देणारे मामलेदार काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तरीही शब्द देऊन साक्ष काढायची आणि मग त्याच साक्षीवर शिक्षा करायची, याला न्याय म्हणत नाहीत, एवढाच टिळकांचा मुद्दा होता.

पुण्याशी सुरेंद्रनाथांचा संबंध आला तो १८९५ च्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनात. ते अध्यक्ष होते. सामाजिक परिषद राष्ट्रसभेच्या मंडपात भरवायची की नाही यावरून पुण्यात तेव्हा केवढे रण माजले होते आणि रानड्यांनी शेवटी परिषद दुसरीकडे कशी नेली, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या तापलेल्या वातावरणात सुरेंद्रनाथ हातात कागद न घेता चार तासांहून अधिक बोलले. पुढे १९०२ मध्ये अहमदाबादला ते पुन्हा अध्यक्ष झाले. मग वंगभंग, स्वदेशी, १९०६ मध्ये बारिसालला झालेली अटक. लोक त्यांच्या नावाचा इंग्रजी उच्चार वाकवून त्यांना ‘सरेंडर नॉट’ म्हणू लागले. हा सगळा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून इथे तो लांबवत नाही.

उत्तरायुष्य मात्र चटका लावणारे आहे. १९१९ च्या सुधारणा त्यांनी स्वीकारल्या, गांधीजींच्या असहकाराला विरोध केला. १९२१ मध्ये ते बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. ज्या सरकारने पन्नास रुपयांची दया दाखवून घालवले होते, त्याच सरकारने सत्तेचाळीस वर्षांनी मंत्रिपदाची खुर्ची दिली. लोकांना मात्र आता ते सरकारचे वाटू लागले होते. १९२३ चा कलकत्ता म्युनिसिपल कायदा हे त्यांचे काम. त्यानुसार शहराला निवडलेला महापौर मिळाला आणि पहिले महापौर झाले चित्तरंजन दास. त्याच १९२३ च्या निवडणुकीत बराकपूरला सुरेंद्रनाथ हरले. हरवणारा माणूस राजकारणात नवखा होता, डॉ. बिधानचंद्र रॉय.

सिल्हेटच्या निकालातून कायद्याने काही धडा घेतला का? घेतला, पण फार सावकाश, आणि सुरेंद्रनाथांचे नाव त्यात कुठे नाही. ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने काढू नये, एवढे १९१९ च्या कायद्यात आले. १९३५ च्या कायद्यात आले की प्रस्तावित कारवाईविरुद्ध कारण दाखवण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करू नये. या कलमाची परीक्षा घेतली ती आणखी एका आय.सी.एस. अधिकाऱ्याने. आय. एम. लाल यांना १९४० मध्ये बडतर्फ केले होते. ते कोर्टात गेले, फेडरल कोर्टातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती बडतर्फी रद्दबातल ठरवली, कारण ती वाजवी संधी त्यांना मिळाली नव्हती. ज्या लंडनने सुरेंद्रनाथांना ऐकले नव्हते त्याच लंडनमध्ये हा निकाल लागला. तोवर इंग्रजांचे राज्य गेले होते.

आपल्या राज्यघटनेत हेच संरक्षण ३११ व्या कलमात आहे. नोकरी मर्जीवर हे तत्त्व ३१० व्या कलमात राहिले आणि लगेच पुढच्या कलमाने त्याला वेसण घातली : आरोप कळवा, चौकशी करा, ऐकून घ्या, मगच काढा. त्याला अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, चौकशी करणे व्यवहार्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर चौकशीशिवायही काढता येते. शिक्षेबाबत दुसऱ्यांदा म्हणणे मांडण्याची सोय १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने काढून टाकली. मात्र चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती दिला पाहिजे आणि त्यावर त्याचे म्हणणे घेतले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले आणि १९९३ मध्ये घटनापीठाने पक्के केले. जो शिक्षा देणार आहे त्याने अहवालाबरोबर माणसाचेही म्हणणे वाचावे, एवढीच ही अपेक्षा. आमच्या वडिलांच्या काळातल्या कारकुनांना ३११ हा आकडा विठ्ठलाच्या नावासारखा पाठ असे. मजकूर सगळ्यांना माहीत नसे, पण आकडा माहीत असे.

सुरेंद्रनाथांनी आत्मचरित्र लिहिले ते सत्तरी ओलांडल्यावर. तोवर ते सर झाले होते, मंत्री झाले होते. सिल्हेटचा तो युधिष्ठिर, ती होडी आणि ती फरारी यादी कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. तरीही त्या पानांवर ते आपली बाजू एखाद्या बचावाच्या निवेदनासारखी मांडतात : मी काय केले, काय केले नाही, कागद कसा आला, सही कशी झाली. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ऐकायला हवे होते ते सगळे मरून गेले होते. पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला बराकपूरला सुरेंद्रनाथ वारले.